स्पीकरचं मॅचिंग सेंटर

साताऱ्याला आमच्या घराजवळ एक मॅचिंग सेंटर आहे. आई साडी घेऊन जाते, तिथले काका ती काउंटरवर उलगडतात, मागच्या रॅकमधून चार-पाच तागे काढून पदराशेजारी धरतात आणि रंगाला रंग मिळाला की कात्री लावतात. लहानपणापासून 'मॅचिंग' म्हणजे एवढंच मला माहीत. पुढे मी ईएनटीसीला आले, सेकंड इयरला मॅक्सिमम पॉवर ट्रान्सफर थिअरम शिकले (सोर्सचा रेझिस्टन्स आणि लोडचा रेझिस्टन्स सारखा असला की लोडला जास्तीत जास्त पॉवर मिळते, व्हायवातला हमखास प्रश्न!) आणि मला वाटलं, चला, इथेही मॅचिंग सेंटरच आहे. ८ ओहमला ८ ओहम, ३० वॅटला ३० वॅट. रंगाला रंग.

या समजुतीची किंमत बाबांच्या एका स्पीकरने मोजली. आणि ती मोजली जात असताना मुलींच्या हॉस्टेलमधल्या निदान पन्नास-साठ जणी तिथे हजर होत्या, नाचत होत्या. तेव्हा कुणालाच कळलं नाही, मलाही नाही. म्हणून हा लेख. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने तपासून दिले आहेत. ओहम आणि वॅटच्या चुका सापडल्या तर त्या मात्र माझ्या.

तर, ते स्पीकर बाबांनी १९९४ साली घेतले. लग्नाच्या आधी, नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून. लाकडी खोकी, पुढे काळं कापड, आत एक सहा इंची वूफर आणि वर एक छोटा ट्वीटर. मागच्या स्टिकरवर तीन आकडे: ८ ओहम, ३० वॅट, ८६ डेसिबल. रविवारी सकाळी आमच्याकडे या स्पीकरवर भीमसेन जोशी लागायचे आणि ते संपेपर्यंत कुणी मिक्सर लावायचा नाही असा नियम होता. त्यांच्या जोडीचा अँप्लिफायर मी नववीत असताना बंद पडला आणि माळ्यावर गेला. स्पीकर मात्र शोकेसच्या दोन्ही बाजूंना तसेच उभे होते. थर्ड इयर सुरू झालं तेव्हा मी ते हॉस्टेलवर नेऊ का म्हणून विचारलं. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ने. पण जपून वापर गं."

अँप्लिफायर म्हणून मी एक तयार बोर्ड मागवला. तळहाताएवढा, टीपीए ३११६ चिपचा. रोबोटिक्स क्लबमध्ये अर्ध्या जणांकडे असतो तो. जाहिरातीत लिहिलं होतं ५० + ५० वॅट. स्पीकर ३० वॅटचे, बोर्ड ५० चा, म्हणजे थोडं जास्तच आहे, आपण आवाज कमी ठेवू, असा माझा हिशोब. पॉवरसाठी जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडाप्टर लावला. रूमवर आवाज छान यायचा. रूममेटचंही काही म्हणणं नव्हतं.

आता जरा कागद-पेन घ्या. हा बोर्ड स्पीकरच्या दोन्ही टोकांना ड्राइव्ह करतो (ब्रिज कनेक्शन), त्यामुळे स्पीकरवर जास्तीत जास्त जेवढा अडाप्टर तेवढाच, म्हणजे १२ व्होल्टचा पीक मिळू शकतो. साइन वेव्हची पॉवर म्हणजे पीक व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्सची दुप्पट. १४४ भागिले १६. ९ वॅट! ५० नव्हे, ९. आणि हेही बोर्डात काहीच व्होल्टेज वाया जात नाही असं धरून. मग ५० कुठून आले? चिप बनवणाऱ्यांच्या डेटाशीटमध्ये ते स्वच्छ लिहिलेलं आहे: २१ व्होल्ट सप्लाय आणि ४ ओहमचा स्पीकर. जाहिरात करणाऱ्याने फक्त ५० उचलले, बाकीची अट सोडून दिली. म्हणजे अँप्लिफायरचे वॅट हा अँप्लिफायरचा गुण नाहीच. अँप्लिफायर, त्याचा सप्लाय आणि समोरचा स्पीकर या तिघांचा मिळून तो आकडा आहे. गाडीतले स्पीकर बहुतेक ४ ओहमचे का असतात तेही यावरून कळतं. बॅटरी १२ व्होल्टचीच, व्होल्टेज वाढवता येत नाही, मग ओहम कमी करून पॉवर काढायची.

मला हे सगळं माहीत नव्हतं का? होतं. पेपरात आलं असतं तर सोडवलं असतं.

गणपतीत पाचव्या दिवशी आपल्या कॉमन हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. आरती, मग थोडी गाणी, मग नाच. रेक्टर मॅडमची परवानगी रात्री दहापर्यंत. हॉलमध्ये कॉलेजची स्वतःची पीए सिस्टीम आहे, पण तिच्यावर गाणी म्हणजे एसटी स्टँडची अनाउन्समेंट वाटते असं सगळ्यांचं मत पडलं, आणि माझे स्पीकर खाली आले. एकीने सुचवलं की पीएच्या अँप्लिफायरलाच हे स्पीकर जोडू, मागे एवढे स्क्रू आहेत. तिने वायर लावायला घेतलीसुद्धा. इलेक्ट्रिशियन काका तिथेच लाइटची माळ लावत होते, ते स्टुलावरून ओरडले, "ताई, ते लाइनचं आहे, तिथे घरचा स्पीकर लावू नका." मी नंतर आकडेमोड केली. पीए सिस्टीममध्ये लांब वायरीसाठी १०० व्होल्टची लाइन वापरतात आणि प्रत्येक स्पीकरच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. १५ वॅटचा स्पीकर त्या लाइनला जवळजवळ ६६७ ओहमचा दिसतो. तिथे आपला ८ ओहमचा थेट जोडला तर तो १२५० वॅट मागणार! अँप्लिफायर एवढे देणार नाही, पण जे देईल त्यात दोघांपैकी एक जण जाणार. काकांनी कुठला थिअरम म्हटला नव्हता, पण त्या दिवशी मॅचिंग कळणारे हॉलमध्ये ते एकटेच होते.

मग माझाच बोर्ड लावला. आरतीला पुरला. नाच सुरू झाल्यावर मागून "आवाऽऽज!" सुरू झालं. एका सीनियर ताईने लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडाप्टर आणून दिला. पिन बसली, बोर्डाला २६ व्होल्टपर्यंत चालतं, म्हणजे बोर्डाला धोका नाही. मी व्हॉल्यूम पूर्ण फिरवला आणि नाचायला गेले.

१९ व्होल्टने काय मिळालं? वरचंच सूत्र: ३६१ भागिले १६, साडेबावीस वॅट. ९ चे साडेबावीस म्हणजे अडीचपट. मजा आहे ना? पण कानाला अडीचपट वाटत नाही. कान डेसिबलमध्ये ऐकतो. पॉवर दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. अडीचपट म्हणजे फक्त ४ डेसिबल. 'हं, वाढला वाटतं जरा', एवढंच.

इथे स्टिकरवरचा तिसरा आकडा येतो, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही. ८६ डेसिबल. याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात: १ वॅट दिला तर १ मीटरवर किती आवाज. माझ्या मते खरेदी करताना आधी हा आकडा बघावा आणि वॅट नंतर. ८६ वर साडेबावीस वॅटचे साडेतेरा मिळवा, झाले साडेनव्याण्णव. पण हे १ मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ८ मीटरवर मागच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलींकडे १८ कमी, साडेएक्याऐंशी. दोन स्पीकर आहेत, भिंती थोडा आवाज परत देतात, म्हणून पंच्याऐंशीच्या आसपास धरू. पन्नास-साठ मुली एकाच वेळी गाणं म्हणत असताना! ते गाणं स्पीकरवर लावलंय की नाही हेही मागे कळत नसणार.

त्याच हॉलमध्ये, त्याच बोर्डावर, त्याच अडाप्टरवर ९६ डेसिबलचा स्पीकर असता तर? १० डेसिबल जास्त. बाबांच्या स्पीकरमधून तेवढा आवाज काढायला २२५ वॅट लागले असते आणि ते ३० वॅटचे आहेत. म्हणजे मोठा अँप्लिफायर आणणं हाही उपाय नव्हता. ते स्पीकर एका दहा बाय बाराच्या खोलीत, रविवारी सकाळी, दोन-तीन माणसांसाठी बनवले होते. तिथे ते १ वॅटमध्ये घर भरतात. हॉलशी त्यांचं मॅचिंग नव्हतंच. आणि हॉलसाठी योग्य असे कार्यक्रमाचे मोठे स्पीकर त्याच वेळी शेजारच्या स्टोअररूममध्ये कुलपात होते. चावी वॉचमन मामांकडे. विचारलं कुणी?

आता खरा गुन्हा. बरेच लोक समजतात की स्पीकर जळतो तो मोठ्या अँप्लिफायरने. माझा जळला तो छोट्याने.

अँप्लिफायरला एक छत असतं, सप्लायएवढं. गाण्यातला बेस उंच असतो, त्याच्या लाटा मोठ्या. ट्रेबल म्हणजे त्या मोठ्या लाटांवर स्वार झालेले बारीक तरंग. व्हॉल्यूम वाढवत नेला की आधी बेसचं डोकं छताला लागतं. तिथे लाट कापली जाते, सपाट होते. यालाच क्लिपिंग म्हणतात. त्यानंतरही व्हॉल्यूम फिरवत राहिलं तर बेस आणखी वाढू शकत नाही, पण ट्रेबलला अजून जागा आहे, तो वाढतच जातो. म्हणजे एका मर्यादेनंतर व्हॉल्यूमचं बटण हे फक्त ट्वीटरचं बटण होतं. शिवाय लाट कापली की तिच्यात नवीन हार्मोनिक्स तयार होतात, तेही ट्वीटरकडेच जातात. पुस्तकात हे कारण मिळतं, पण मला पहिलं जास्त मोठं वाटतं. भरीला, पूर्ण सपाट झालेल्या स्क्वेअर वेव्हमध्ये त्याच पीकच्या साइन वेव्हच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे साडेबावीस वॅटचा बोर्ड पंचेचाळीसपर्यंत जाऊ शकतो.

"पण स्पीकर तर ३० वॅटचा होता, मग थोडंफार सोसायला नको?" असं मला रूममेटने विचारलं. ३० वॅट हे सगळ्या खोक्याचे, आणि त्यात असं धरलेलं असतं की गाणं नेहमीसारखं असेल, बहुतेक पॉवर वूफरकडे जाईल आणि ट्वीटरच्या वाट्याला जेमतेम एखाद-दोन वॅट येतील. त्याच्या कॉइलची तार केसासारखी बारीक असते. दीड तास तिच्यावर काय काय गेलं असेल ते तुम्हीच ठरवा.

मध्येच एक मुलगी म्हणाली होती, "बेस फाटतोय गं." तेव्हा जाऊन व्हॉल्यूम खाली करायला दहा सेकंद लागली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी. स्पीकर रूमवर परत आणून जागेवर ठेवले, राउटरचा अडाप्टर लावला आणि बाबांच्या आवडीचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. गाणं ठीक वाटलं. पण सुरुवातीचा तानपुरा डावीकडून नुसता 'हूं हूं' करत होता. तानपुऱ्याची जी झणझण असते, घोडीवर तारेखाली दोरा सरकवून काढतात ती जवारी, ती सगळी वरच्या हार्मोनिक्सची बनलेली असते. उजवीकडे ती होती. डावीकडे नव्हती. मी दोन्ही वायरी अदलाबदल करून पाहिल्या. तरी डावीकडेच नव्हती. काळं कापड काढून ट्वीटरला कान लावला. काहीच नाही.

लॅबमधून मल्टिमीटर आणला (सर, दुसऱ्या दिवशी परत ठेवला). डावा ट्वीटर: ओपन. उजवा: ६.२ ओहम.

हा ६.२ बघून मला आधी वाटलं की उजवाही बिघडला, ८ का नाही दाखवत? मल्टिमीटर डीसीवर मोजतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरची कॉइल डीसीला सहा-सातच भरते. '८ ओहम' हे नावापुरतं आहे. वूफरचा इम्पीडन्स फ्रिक्वेन्सीप्रमाणे वर-खाली होत असतो. रेझोनन्सला तो ३० वर जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड एवढंच मागतं की तो छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली, म्हणजे ८ साठी ६.४ च्या खाली, कुठे जाऊ नये.

आता सांगा, मॅक्सिमम पॉवर ट्रान्सफरवाल्यांनो (मीही तुमच्यातलीच), अँप्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स कशाशी मॅच करायचा? ३० शी की ६.४ शी? समजा, हौसेने अँप्लिफायरचा ८ ठेवला. पहिली गोष्ट, निम्मी पॉवर अँप्लिफायरच्या पोटातच जळणार. त्या थिअरममध्ये 'लोडला जास्तीत जास्त' म्हटलंय, 'वाया कमीत कमी' म्हटलेलं नाही; हा फरक मी जर्नल लिहिताना कधी वाचलाच नव्हता. दुसरी गोष्ट जास्त वाईट. जिथे स्पीकर ३० ओहमचा आहे तिथे त्याला ७९ टक्के व्होल्टेज मिळेल, जिथे ६.४ चा आहे तिथे ४४ टक्के. फरक ५ डेसिबल. म्हणजे रेझोनन्सपाशी बेस ढोलासारखा घुमणार आणि गायकाचा आवाज मागे जाणार. म्हणून चांगल्या अँप्लिफायरचा आउटपुट इम्पीडन्स ०.१ ओहम किंवा त्याहून कमी ठेवतात. मग हाच फरक ०.१ डेसिबलवर येतो. स्पीकरचे ओहम कसेही नाचू देत, त्याला व्होल्टेज तेवढंच मिळतं. मालकाने नोकराला पगार देताना त्याचा मूड बघू नये, तसं.

मग अँप्लिफायरच्या मागे '४ ते ८ ओहम' लिहितात ते कशाला? ती करंटची मर्यादा आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलला पॅरलल लावले तर ४ होतात, करंट दुप्पट. आणखी दोन लावले तर २, आणि अँप्लिफायर गरम होऊन बसतो. जास्त ओहम लावले तर फक्त पॉवर कमी मिळते, बिघडत काही नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये मात्र मॅचिंग खरंच करावं लागायचं. व्हॉल्व्हला समोर हजारो ओहमचा लोड हवा असतो. ५००० ओहम हवे आणि स्पीकर ८ चा, तर २५ ला १ असा ट्रान्सफॉर्मर मध्ये टाकायचा (२५ चा वर्ग ६२५, गुणिले ८). म्हणून त्यांच्या मागे ४, ८, १६ अशी वेगवेगळी टर्मिनल्स असायची. ओहमला ओहम लावा हा सल्ला तेव्हापासून राहिला असावा असा माझा अंदाज आहे.

हे सगळं समजून मी शहाणी झाले आणि शनिवारी तपकीर गल्लीत गेले. पुण्यात राहून इलेक्ट्रॉनिक्स करायचं आणि तपकीर गल्लीत जायचं नाही असं होत नाही. दुकानदार काकांनी जळका ट्वीटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "हा आता नाही मिळायचा. हा घ्या, साइज सेम आहे." तो कारचा होता, ४ ओहमचा. मी म्हटलं, ओहम मॅच व्हायलाच पाहिजे असं थोडंच आहे, आत्ताच तर कळलंय! घेतला, रूमवर येऊन बसवला.

तानपुरा भयंकर वाजला. वरचं टोकदार 'त्स्स' मिळालं, पण जवारीचा मधला भरलेला भाग गायब. पदर आहे, काठ आहे, मधली साडीच नाही.

शहाणपण जिथे चुकलं ती जागा खोक्याच्या आत होती. ट्वीटरच्या आधी सिरीजमध्ये एक कपॅसिटर असतो, बेस अडवायला. आमच्यात ४ मायक्रोफॅरडचा होता. कपॅसिटर आणि ट्वीटर मिळून एक फिल्टर होतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी दोघांवर ठरते: ८ ओहमला जवळजवळ ५००० हर्ट्झ, ४ ओहमला १०,००० हर्ट्झ. मी ओहम अर्धे केले आणि ट्वीटर पूर्ण एक सप्तक उशिरा कामाला यायला लागला. वूफर आपला ५००० पाशी थांबतोय, ट्वीटर १०,००० ला येतोय, मधल्या जागेत कुणीच नाही. म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यात ओहम मिळवायची गरज नाही, पण स्पीकरच्या आत, क्रॉसओव्हर आणि ट्वीटर यांच्यात ती आहे, आणि पक्की आहे. इथे मॅचिंग सेंटरवाले काकाच बरोबर होते.

पुन्हा तपकीर गल्ली. या वेळी ८ ओहमचा मिळाला. त्याच्या पाकिटावर सेन्सिटिव्हिटी ९२ डेसिबल. आमचं खोकं ८६ चं. बसवला तर तानपुऱ्याची जवारी आली, पण अशी की डावीकडे मधमाश्यांचं पोळं फुटलंय. ६ डेसिबल जास्त म्हणजे व्होल्टेज दुप्पट दिल्यासारखं. एक रेझिस्टर सिरीजमध्ये टाकला तर आवाज कमी होईल, पण मग कपॅसिटरला जास्त ओहम दिसतील आणि फ्रिक्वेन्सी पुन्हा सरकेल, या वेळी खाली. त्यासाठी दोन रेझिस्टर लागतात, एल-पॅड म्हणतात त्याला. ३.९ ओहम सिरीजमध्ये आणि ८.२ ओहम ट्वीटरला पॅरलल. करून बघा: ८ आणि ८.२ पॅरलल म्हणजे ४.०५, त्यात ३.९, बेरीज ७.९५. कपॅसिटरला वाटतं समोर तोच जुना ८ ओहमचा ट्वीटर आहे, आणि ट्वीटरला व्होल्टेज मिळतं निम्मं. दहा वॅटचे सिमेंट रेझिस्टर, दोन्ही मिळून एका वडापावच्या पैशात. पूर्ण लेखातला माझा सगळ्यात आवडता हिशोब हा आहे, खरं सांगायचं तर.

शेवटी फोनवरच्या ॲपने पिंक नॉइज लावून दोन्ही स्पीकर एकाच जागेवर एकामागून एक ठेवून मोजले. फोनचा माइक काही लॅबचा नव्हे, पण उजवा आणि डावा यांची तुलना करायला चालतो, कारण चूक दोन्हीकडे सारखीच. ट्वीटरच्या पट्ट्यात फरक १ डेसिबलच्या आत आला.

जाता जाता वायरचं सांगते, कारण रूमवर येणारे सगळे तेच विचारतात. हॉलमध्ये लांबच्या स्पीकरला मी दहा मीटर बारीक वायर लावली होती, ०.२ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन वीस मीटर, जवळजवळ पावणेदोन ओहम. मघाशी अँप्लिफायरचा ०.१ करायला लोकांनी एवढी मेहनत घेतली आणि मी बाहेरून पावणेदोन जोडले! कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी ०.७५ ची साधी वायर घेतली तर तेच अर्ध्या ओहमच्या खाली येतं. यापुढे हजारो रुपयांच्या केबल विकणारे काय म्हणतात ते ऐकायचं, हसायचं आणि ते पैसे स्पीकरवर घालायचे.

दिवाळीला स्पीकर घरी घेऊन गेले. एसटीत दोन सीटच्या मध्ये ठेवून, मांडीवर हात ठेवतात तसा त्यांच्यावर हात ठेवून. बाबांना काय सांगायचं ते मी कात्रजपासून पाठ करत होते. रविवारी सकाळी मी चहा करेपर्यंत त्यांनी स्वतःच बोर्ड जोडून गाणं लावलं होतं. मी कप घेऊन बाहेर आले तर ते खुर्चीत नव्हते. डाव्या स्पीकरसमोर वाकून उभे होते.

"डावा बदललाय का गं?"

ॲपमध्ये १ डेसिबलच्या आत होता तो. मी सगळं सांगितलं, हॉल, लॅपटॉपचा अडाप्टर, कारचा ट्वीटर, एल-पॅड. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. रागावले नाहीत, पण लगेच हसलेही नाहीत. विचारलं, "जुना टाकलास?" टाकला नव्हता. कंपासपेटीत होता. त्यांनी तो घेतला, खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिला आणि शोकेसमध्ये ठेवला.

दुपारी माळ्यावर चढून जुना अँप्लिफायर खाली काढला. ट्रान्सफॉर्मर जळलेला आहे, सेकंडरीला किती व्होल्ट होते ते मागच्या स्टिकरवर अर्धं पुसलं गेलंय. पहिला आकडा २ आहे एवढं दिसतं. दुसरा आकडा काढायला आउटपुट ट्रान्झिस्टरचे नंबर आणि फिल्टर कपॅसिटरवरचं व्होल्टेज लिहून आणलंय. कुणाला त्या काळातल्या सर्किटचा अनुभव असेल, विशेषतः लॅबमधल्या सरांना, तर मी रूम २१४ मध्ये आहे.